एक नंबरची पिन

आई, उपग्रह बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी कामाला लागले, त्याला आता पाच आठवडे झाले. हुद्दा सिस्टम्स इंजिनिअर. पहिल्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "म्हणजे तू नक्की काय बनवतेस?" मी म्हणाले, "काहीच नाही. बॅटरी एक जण बनवतो, रेडिओ दुसरा, कॅमेरा तिसरा. जोडल्यावर त्यांचं आपापसात पटतंय ना, ते मी बघते." बाबा म्हणाले, "म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी!" आणि बिबवेवाडीतल्या आपल्या त्याच दोन खोल्यांत आम्ही पोट धरून हसलो. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. नंतर कितीतरी दिवस बाबा हसायचेच नाहीत. आता हसतात.

दुसऱ्या आठवड्यात मला उपग्रह जोडतात त्या खोलीत नेलं. तिथे धूळ चालत नाही, म्हणून पांढरा कोट, टोपी, तोंडाला मास्क. आत एका मोठ्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या, खुंट्यांमधून वळत गेलेल्या वायरी, बोटभर अंतरावर दोऱ्यानं बांधलेल्या. मी जागीच थांबले. खंडेनवमीला तू मला तुझ्या कारखान्यात नेलं होतंस, आठवतं? स्कूटरच्या वायरिंगची तुझी फळी झेंडूच्या माळेत उभी आहे, तू नव्या साडीत मैत्रिणींना सांगते आहेस, "हे माही पोरगी," आणि वायर कुठून निघते नि कुठे जाते, ते मला बोट फिरवून दाखवते आहेस. घरी येताना मी विचारलं होतं, की एवढ्या वायरी चुकत कशा नाहीत? तू म्हणालीस, "चुकतात नं. म्हनून तं पाहा लागते."

त्याच वर्षी तू मला रागावलीस तेही सांगते. कारखान्यातून आणलेला, वायरी जोडायचा एक रद्दी कनेक्टर मला खेळायला दिला होतास. मी त्याच्या पिना मोजून वहीत चित्र काढलं, रंग भरले आणि ऐटीत तुझ्यापुढे धरलं. तू कणीक मळत होतीस. टेपचा चिकटा जावा म्हणून खोबरेल लावून हात धुतले, तरी तुझ्या बोटांना काळसर छटा असायचीच. तू चित्र पाहिलंस आणि म्हणालीस, "कोन्या बाजूनं पाहून काढलं? पुढून का मागून?" मी वही उलटसुलट करून पाहिली. "मंग हे चित्र कोनाच्या कामाचं? मागून पाह्यलं का एक नंबर दुसरीकडंच जाते, पोरी." मी फुरंगटून वही मिटली. तू कणकेच्या हातांनी ती उघडलीस आणि वर मोठ्या अक्षरांत लिहायला लावलंस: पुढून.

मागच्या सोमवारी, उपग्रहाला पहिल्यांदा वीज द्यायच्या आदल्या दुपारी, मी बॅटरीचा कनेक्टर नुसताच हातात घेतला. पुढून पाहिला, उलटा करून मागून पाहिला. मग मूळ चित्र शेजारी धरलं, तर एक नंबर दुसरीकडेच निघाला. कोणती तार कोणत्या पिनेत जाईल, तो तक्ता मीच बनवला होता, बॅटरीवाल्यांच्या चित्रावरून. त्यांचं चित्र मागून पाहिलेलं होतं आणि मी ते पुढून पाहिलेलं समजले होते. माझ्या तक्त्याबरहुकूम आमच्या वायरिंगवाल्या काकांनी तारा बसवल्या होत्या. वीज दिली असती, तर अख्खं सर्किट जळलं असतं. चार जणांची कित्येक महिन्यांची मेहनत. आणि मी प्रोबेशनवर.

दहा मिनिटं मी जिन्यात उभी होते. तक्त्याची नवी प्रत गुपचूप काढावी, काकांना 'बदल झालाय' एवढंच सांगावं, असंही मनात आलं. मग आमच्या प्रमुख मॅडमच्या टेबलापाशी गेले. त्या शनिवार पेठेतल्या, कौतुकसुद्धा तक्रारीच्या सुरात करणाऱ्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, माझी चूक झाली आहे. उद्या वीज देऊ नका."

त्यांनी तक्ता पाहिला, कनेक्टर पाहिला, चष्मा काढला. "बरं झालं, आज सांगितलंत. वर गेल्यावर सांगितलं असतंत, तर दुरुस्तीला कोणाला पाठवायचं, हा प्रश्न होता." मग काकांकडे वळून, "अहो, घ्या उघडायला. आणि बाई, आपण त्यांच्या शेजारी बसा. प्रत्येक तार मोठ्यानं वाचायची."

आम्ही संध्याकाळपर्यंत वाचत बसलो. काकांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. उलट डब्यातली शेवटची बाकरवडी मला दिली. दुसऱ्या दिवशी मीटर लावून प्रत्येक पिन तपासली, मग मॅडमनी बटण दाबलं. एक हिरवा दिवा लागला. आकडे एकामागून एक पडद्यावर आले, सगळे बरोबर. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि हातमोज्यांमुळे त्या टाळ्या उशा आपटल्यासारख्या ऐकू आल्या. आई, मी लहान मुलीसारखी टाचा उचलून उड्या मारल्या. त्या खोलीत उड्या मारायच्या नसतात, हे मला मॅडमनी लगेच सांगितलं. पण त्याही हसत होत्या. मास्कवरचे डोळे लपत नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. दिवा लागल्यावर मॅडमनी विचारलं, "कनेक्टर उलटून बघायचं कुठे शिकलात?" मी म्हणाले, "कॉलेजात." मला तुझी लाज वाटली नाही गं, शप्पथ. तुझं नाव घेतलं असतं तर मी तिथेच रडले असते, आणि त्या खोलीत मास्क काढून नाक पुसता येत नाही.