शाळेमागचा ऊस

प्रिय सुमन,

प्रिय लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. तू जाऊन वर्ष व्हायला आलं, तरी या थोरल्या जावेचा राग काय उतरत न्हाई. काल शाळेत मीटिंग झाली आन् तो जास्तच चढला, म्हणून तुलाच लिहायला बसले.

शाळेजवळ बिबट्याची पावलं दिसली गं. व्हरांड्यात झोपायचा तो काळा कुत्राबी गायब हाय. तीन बाजूंनी भिंत झाली आन् पैसा संपला. मागची बाजू, आपल्या रानाकडची, तशीच उघडी. कॅमेरा बसवलाय, तर तो गेटकडं तोंड करून. बिबट्या काय गेटातनं हजेरी लावायला येणार हाय? आन् दिवसा लाईट तरी कुठं असती! मोठ्या बाई म्हणाल्या, "भिंतीचं अनुदान येईल तवा येईल. वॉचमन ठेवला तर पगार कुठनं द्यायचा?"

तवर कुणीतरी बोललंच, "सुमनताईंची बाजू बघा, कशी मोकळी हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या बाजूला ऊस, पार शाळेच्या खिडकीपर्यंत, बिबट्याला लपायला आयतीच जागा.

वाटणी सारखीच झाली होती ना आपली? मग शाळेकडच्या चार सऱ्यांत मेथी टाकायचं तुला कुणी सांगितलं होतं? ऊस एकदा लावला की तोडणीची टोळी येईपर्यंत बघायला नको. मेथीला रोज वाकायचं, पाणी धरायचं, मांडवगणच्या बाजारला न्यायची. मी तुला खुळी म्हणायची. तू हसायचीस. "आक्का, हितनं पोरं दिसत्यात." मला काय पोरं दिसायला नको होती? माझी नातबी त्यातच बसती की!

तू गेलीस तरी भावजी तिथं मेथीच टाकत्यात. माझ्या मालकानं जित्या बायकोचं एवढं कवा ऐकलं?

तुझ्या दहाव्याला अख्खी शाळा रांगेनं नदीवर आली. माझ्या दहाव्याला कावळा तरी येईल का? खुटबावची पोर तू, माझ्यामागनं या घरात आलीस, आन् गाव तुझं झालं!

आज सकाळी कोयता घेऊन गेले. खिडकीकडनं ऊस पाडायला सुरुवात केली. मालक बांधावरनं वरडले, "अगं, कोवळा हाय! कारखाना घेणार न्हाई!"

म्हणलं, "म्हशी घेतील."

ऊस आडवा झाला तशी खिडकीत पोरं दिसायला लागली. एका चिमुरडीनं विचारलं, "सुमनआजी आली का?"

कोयता हातातच राहिला बघ. मेल्यावरबी माझ्या रानात तूच!

म्हणलं, "सुमनआजी न्हाई. पारूआजी म्हणायचं."

आता शब्द देते तुला. हितं परत ऊस फुटू द्यायची न्हाई. तू चार सऱ्या सोडल्या होत्यास, मी सहा सोडीन. भिंत होईल तवा होऊ दे. पण मेथी टाकणार न्हाई, तुझी नक्कल कोण करतंय! भुईमूग टाकीन. पोरं शेंगा खातील, आन् नाव माझं घेतील.

तुझी थोरली जाऊ,
पारू