मधली जागा

टूमर्स क्रॉसिंग, अलाबामा
१७ सप्टेंबर १९६१

ती. आजोबांना लुशसचा सा. न. वि. वि.

तुमच्या डोळ्यावरची पट्टी सुटली का? माँटगोमेरीच्या आत्याने कळवलं की डॉक्टरांनी वाचायला बंदी केली आहे, तरी तुम्ही उशीखाली कवितांचं पुस्तक ठेवून त्यावरून हात फिरवत बसता. आत्या म्हणते, मोतीबिंदू निघाला पण खोड निघाली नाही.

इकडे सर्व ठीक. ओडेसाताईने दोनदा वाल करपवले आणि दोन्ही वेळा चूल जुनी झाली असं सांगितलं.

मुख्य बातमी अशी की कोच ग्रँडरसननी मला शाळेच्या फुटबॉल संघात क्वार्टरबॅक केलं आहे. तुम्हाला या खेळातलं ओ की ठो कळत नाही म्हणून सांगतो: बाकीचे दहा जण डोकी एकत्र करून उभे राहतात आणि मधला एक जण पुढची खेळी पुकारतो. मग चेंडू त्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे लांब फेकायचा हे तोच ठरवतो. तो मधला म्हणजे मी. माझ्याहून जोरात फेकणारे दोघे होते, पण कोच म्हणाले की माझा आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत पोचतो. वर विचारलं, आजोबांनी पोराला कविता म्हणायला शिकवलं की नदीपलीकडच्या गाई हाकायला? मी म्हटलं, दोन्ही एकच असतं त्यांच्या वर्गात.

डोळ्यांना जपा. पत्र आत्याकडून वाचून घ्या, स्वतः वाचू नका.

तुमचा लाडका (ताईला विचारू नका),
लुशस

*

टूमर्स क्रॉसिंग
२४ ऑक्टोबर १९६५

चि. लुशस, अ. उ. आ.

तुझ्या कॉलेजचं मैदान पाहून आल्यापासून माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाही. शंभर मैल बसने आलो त्याचं सार्थक झालं. खेळ मला अजूनही कळत नाही. माणसं एकमेकांवर का कोसळतात हे देवाला ठाऊक. पण ती दहा थोराड मुलं वाकून तुझ्या तोंडाकडे बघत होती आणि तू बोलत होतास, ते मला कळलं. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरची पोरं अशी कान देऊन बसायची तेव्हा मला वाटायचं, आज पगार नाही मिळाला तरी चालेल. नशीब म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यापर्यंत ते कधी पोचलं नाही.

संध्याकाळी कापसाच्या शेतांवर धूसर उजेड पडतो तेव्हा तू आठवतोस. सशांमागे धावायचास, आणि हातात काही लागलं नाही तरी हसत परत यायचास. तुझे आईवडील असते तर परवा माझ्या शेजारी बसले असते. असो. म्हातारपणी आठवण हाच जोडधंदा.

ओडेसाला लायब्ररीत काम मिळालं. आता तीही मला दटावते की हळू बोला.

पोटभर जेव. माया आहेच, उत्तराने वाढव.

एझेकिएल मॅबरी

*

कॉलेज वसतिगृह
९ डिसेंबर १९६७

प्रिय ओडेसाताई, नमस्कार.

हे पत्र एकटीने वाच आणि आजोबांसमोर चेहरा नीट ठेव.

परवा घड्याळवाले येऊन गेले. व्यावसायिक संघांची ही माणसं कॉलेजं पालथी घालतात, पोरांना चाळीस यार्ड पळवतात आणि हातातल्या घड्याळाची कळ दाबतात. आपल्या काळ्या कॉलेजांतल्या प्रत्येक क्वार्टरबॅकला एक गोष्ट ठाऊक असते. ती कुणी शिकवत नाही, मोठा पोरगा धाकट्याच्या कानात सांगतो. घड्याळवाला दिसला की हळू पळायचं. गोऱ्या क्वार्टरबॅकबद्दल ते विचारतात की डोकं कसं चालतं. आपल्याबद्दल विचारतात की पाय कसे चालतात. पायांचं उत्तर चांगलं निघालं की डोक्याचा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. लगेच तुला कॉर्नरबॅक करतात, म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि दुसऱ्याने फेकलेल्या चेंडूमागे पळायचं. तोंड उघडायचं काम नाही. मागच्या वर्षी आमच्या पर्नेलचं हेच झालं. बिचाऱ्याने हौसेने पळून दाखवलं होतं.

म्हणून मी मांडी धरली, लंगडलो, आणि असा पळालो की आपल्या चर्चमधल्या म्हाताऱ्या डीकनने काठी टेकत मला गाठलं असतं. मग चेंडू मात्र असे फेकले, ताई, की घेणाऱ्याने नुसते हात पुढे करावेत. त्यांतला हॅस्केल नावाचा एक जण माझ्या मांडीकडे जरा जास्तच वेळ बघत होता.

आजोबांना यातलं काही सांगू नकोस. दोन ओळींची नक्कल केली म्हणून ज्यांनी सख्ख्या भाच्याला नापास केलं, त्यांना नातू लंगडण्याचं सोंग करतो हे सोसणार नाही. व्यावसायिक संघांची निवड जानेवारीअखेर आहे. तेवढे दिवस गप्प राहा. तुझ्यासाठी हे किती अवघड आहे ते मी जाणतो.

लुशस

*

टूमर्स क्रॉसिंग
८ जानेवारी १९६८

चि. लुशस, अ. उ. आ.

काल आपल्या घरी कोण जेवलं असेल ओळख! उत्तरेकडच्या त्या मोठ्या संघाचे मि. हॅस्केल! चर्चहून आलो तर हे गृहस्थ फाटकापाशी हॅट हातात घेऊन उभे. मला म्हणाले, आपणच मि. मॅबरी का? लुशस, एकाहत्तर वर्षांत या अंगणात कुणा गोऱ्या माणसाने मला मिस्टर म्हटलेलं नाही. इथे मी एझेकिएल, आणि फार लाडात आले तर म्हातारबा. मी क्षणभर मागे वळून पाहिलं, की आणखी कुणी मि. मॅबरी आले आहेत का.

रविवारी दारी आलेल्याला उपाशी पाठवायची आपली रीत नाही. तळलेली कोंबडी होती, कॉलर्डची भाजी होती, मक्याची भाकरी होती. ओडेसाने बरणीतल्या पीचवर गोड पीठ भाजून कॉब्लर केला होता. गृहस्थांनी दोनदा मागून घेतला. तुझं फार कौतुक केलं. मग हळूच म्हणाले की मुलगा गुणी आहे, पण पायाने अधू आहे हो, वाईट वाटतं.

अधू? माझा लुशस? मी हातातला काटाच खाली ठेवला. मग रीतीप्रमाणे पाहुण्याला पोराच्या गोष्टी सांगाव्या लागतात, त्या सांगितल्या. शेजारच्या टेट भाऊंचं शिंगरू सुटलं तेव्हा ओढ्याच्या काठाने धावत तू त्याची आयाळ धरलीस ती सांगितली. शाळेची बस चुकली की शेतातून आडवा पळून पुढच्या थांब्यावर तिच्याआधी उभा राहायचास ती सांगितली. मि. हॅस्केल असे ऐकत होते! इतका चांगला श्रोता मला चाळीस वर्षांत मिळाला नाही. ओडेसा मात्र टेबलाखाली सारखी माझ्या पावलावर पाऊल देत होती. शेवटी मला म्हणावं लागलं की बाई, एवढी खोली आहे, तुला पाय ठेवायला माझाच बूट सापडला का?

जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले की आपण माझं मोठं काम केलंत. आता तुझी निवड झालीच म्हणून समज.

आनंदात असावे, आम्हाला ठेवावे.

आजोबा

*

सराव छावणी
२१ जुलै १९६८

प्रिय ओडेसाताई, नमस्कार.

तुझं जानेवारीतलं रडकं पत्र आता फाडून टाक. तू काय त्यांच्या तोंडात कॉब्लर कोंबणार होतीस?

पहिल्याच दिवशी मला कॉर्नरबॅकच्या रांगेत उभं केलं. मी म्हटलं की मी क्वार्टरबॅक आहे. कोच हसले. म्हणाले की पोरा, शिंगरू पकडणारा मुलगा मधे उभा करून वाया का घालवायचा? भोवतीचे सगळे हसले. ती गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. मला शिंगरू म्हणूनच हाक मारतात.

तरी मी अडून बसलो. एकदा फेकून दाखवू द्या म्हटलं. बरं म्हणाले, सराव संपल्यावर थांब. मी थांबलो. कोच आले नाहीत, झेलायलाही कुणी आलं नाही. गवताला पाणी घालणारा माणूस नळी टाकून आला आणि त्याने दोन झेलले, तेही बोटं चोळत. मग त्याला कुणीतरी हाक मारली.

कॅनडात काळ्या मुलांना मधे खेळू देतात म्हणे. पर्नेल तिकडे गेला. पण आजोबांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलंय की आमचा लुशस त्या मोठ्या संघात गेला. मी करारावर सही केली. त्यांना इतकंच सांग की नव्या मुलाला आधी कडेला उभं करतात, मग मधे घेतात. त्या रविवारबद्दल अक्षर काढू नकोस. तेवढी एक गोष्ट त्यांची त्यांच्यापाशी राहू दे.

लुशस

*

११ डिसेंबर १९७०

प्रिय ओडेसाताई, नमस्कार.

परवाचा सामना टीव्हीवर दाखवणार आहेत. जमलं तर आजोबांना न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीपुढे नेऊ नकोस. दात दुखतो म्हण, काहीही म्हण.

आमच्या दोन्ही क्वार्टरबॅकना दुखापत झाली, एकाचा गुडघा, दुसऱ्याचं मनगट. मी कोचकडे गेलो. सगळ्या खेळ्या मला तोंडपाठ आहेत, तीन वर्षं रोज म्हणतोय. कोचनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की तुझी हिंमत मला आवडते, शिंगरू. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका गृहस्थाला बोलावून घेतलं. तो खेळ सोडून ट्रॅक्टर विकत होता. पोट सुटलंय, जिना चढला की थांबतो. माणूस वाईट नाही. मला म्हणाला की भावा, ही खेळी कशी होती रे, मी विसरलो. मी सांगितली.

पण खरी गंमत पुढेच आहे. विरुद्ध संघाचा क्वार्टरबॅक चपळ आहे, लांब फेकतो. आमच्या बचावाला सराव हवा, म्हणून त्याचं सोंग कुणीतरी घ्यायला हवं. मला त्याच्या क्रमांकाचा शर्ट दिला. ताई, आठवडाभर मी मधे उभा होतो. मीच पुकारत होतो, मीच फेकत होतो. आमच्याच बचावाची मी चाळण केली. कोच टाळ्या पिटत ओरडले की शाब्बास, हुबेहूब त्याच्यासारखा! मग शर्ट परत घेतला. धुवायला टाकायचा होता.

रविवारी मी कडेला.

लुशस

*

टूमर्स क्रॉसिंग
१४ डिसेंबर १९७०

चि. लुशस,

आशीर्वाद आहेत, ते शेवटी देईन. आधी राग.

ओडेसाचा दात दुखत होता, म्हणून मी एकटाच दुकानात गेलो. तो धापा टाकणारा गृहस्थ मधे उभा दिसला. मी न्हाव्याला विचारलं की अरे, हा कोण? तुझी पाळी कधी येणार? दुकानात एकदम सगळे छताकडे बघायला लागले. म्हणजे ती येणारच नाही हे सगळ्या दुकानाला ठाऊक होतं. घरी येऊन ओडेसाला समोर बसवलं, आणि तिने सगळं सांगितलं. घड्याळ, लंगडणं, आणि टेबलाखालचा पायही.

मला त्या रविवारचं दुःख आहे, ते माझं मी बघून घेईन. पण तुम्ही दोघांनी परस्पर ठरवलंत की आजोबांना खोटं सोसणार नाही? कुणी सांगितलं तुम्हाला? गोऱ्या शाळेने फाडून फेकलेली पुस्तकं आमच्याकडे यायची आणि मी आभाराचं पत्र लिहायचो. छप्पर गळत असताना साहेबांना म्हणायचो की उत्तम चाललंय. मतदानाला नाव घालायला गेलो, तर माझ्या चौथीतल्या पोरांना येतं तेवढंही न येणाऱ्या कारकुनाने मला वाचनात नापास केलं, आणि मी त्याला म्हटलं की बरोबर आहे साहेब, अभ्यास करून येतो. चाळीस वर्षं खोटं बोलून मी ती शाळा उघडी ठेवली, बाळा. त्या खोटेपणाच्या आडोशाला मुलांना कविता शिकवल्या. भाच्याला नापास केलं, कारण त्याने आपल्याच माणसाला फसवलं होतं.

तू मला एक ओळ लिहिली असतीस, तर मी त्या हॅस्केलसमोर तुझ्यासाठी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं असतं की जन्मापासूनच पायाने दुबळा आहे हो. कॉब्लरची तिसरी वाटी वाढून सांगितलं असतं. तुम्ही मला साधा समजलात. जगाने माझ्याबद्दल बरेच गैरसमज करून घेतले, पण हा घरात होईल असं वाटलं नव्हतं.

आता आशीर्वाद. सगळे घे, राखून ठेवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही.

आजोबा

*

सराव छावणी
५ ऑगस्ट १९७३

ती. आजोबांना शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात तुम्ही नव्या कोचबद्दल विचारलंत. तरुण आहेत, नावाने हाक मारतात. तुमच्यापासून पुन्हा काही लपवायचं नाही असं ठरलंय, म्हणून हेही लिहितो.

परवा त्यांनी मला बोलावलं. म्हणाले की तुझ्या कॉलेजच्या जुन्या सामन्यांची फिल्म पाहिली. हा मुलगा क्वार्टरबॅक होता हे मला कुणी का सांगितलं नाही? काळ बदलतोय, मॅबरी, या मोसमात तुला मधे उभं करून बघतो, उद्या सकाळी फेकून दाखव.

त्याच संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर मी एकटाच चेंडू घेऊन गेलो. पाच वर्षं कडेला पळताना माणसं पाडायची ती याच फेकायच्या खांद्याने पाडली. दोनदा तो निखळला, दोनदा बसवला. चेंडू हातातून सुटला आणि वीस यार्डांवर गवतात पडला. पुन्हा फेकला, तिथेच. मी बराच वेळ फेकत राहिलो. मग खांदा वर जाईना.

सकाळी कोचना सांगितलं की आभारी आहे, पण मला आता कडेलाच बरं वाटतं. मधे उभं राहून एवढ्या खेळ्या लक्षात ठेवणं मला झेपायचं नाही. त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले की प्रामाणिक आहेस, ते आवडलं मला. आजोबा, या संघात माझ्या कुठल्याही बोलण्यावर इतक्या चटकन कुणी विश्वास ठेवला नव्हता.

ताईला नमस्कार. लोभ मागत नाही, तो आहेच. पत्र मात्र लवकर पाठवा.

तुमचा
लुशस