पुढचं बघणारी

आप्पा, गिरणी बंद पडायच्या आधीचा उन्हाळा मला अजून आठवतो. तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी चुरत बसला होता. आई म्हणाली, "गिरणी बंद होनार म्हंत्यात. खरं हाय का?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "आपन आपलं काम नीट करावं. बाकीचं मालक बघतोय की." मी मध्येच बोलले, मग दुसरीकडं काम बघून ठेवा. तुम्ही ताट सरकवलंत. "शानपना शाळेत दाखव." तुम्ही जॉबर होता, खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम. यंत्रांचे सुटे भाग यायचे थांबले, कापूस कमी झाला, हे तुम्हालाच आधी दिसलं असणार. तरी तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. फाटकाला कुलूप लागल्यावर घराच्या कट्ट्यावर बसलात, ते मरेपर्यंत.

तुमचाच गुण घेऊन मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागले. मशीन अडलं, धावले. दोरा संपला, धावले. ताईंशिवाय इथं पान हलत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचे. मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा ती माझीच, असं धरून चालले होते. मिळाली माझ्या हाताखाली शिकलेल्या, रोज दिवस मावळायच्या आत घरी जाणाऱ्या माणसाला. मी कारखान्याच्या मालकीण मॅडमना जाब विचारायला गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याइतकं इथं कुणी राबत नाही. पण पुढच्या वर्षी आपण काय शिवायचं असं विचारलं, की तुम्ही आजच्या मालाचं सांगता." त्यांचा राग आलाच नाही. तुमचा आला.

चाळिशीनंतर हे पुढचं बघणं शिकणं सोपं नव्हतं. खाली मशीन बंद पडल्याचं ऐकू यायचं आणि मी खुर्ची धरून बसून राहायचे. शाळा सुरू झाल्या की कारखाना ओस पडायचा, बायकांना घरी बसवायचे. पाऊसपाण्यासारखंच ते सगळ्यांनी मान्य केलेलं. मी दवाखान्यांत कापडाचे नमुने घेऊन फिरले, नकार ऐकले, पुन्हा गेले. शेवटी त्यांचे कपडे शिवायचं काम आलं आणि ते आता वर्षभर चालतं. मॅनेजर झालेला तो माणूस पुण्याला गेला, त्याची जागा मला मिळाली.

पण ह्याच आखणीत हातानं काजं-बटणं करायचा विभाग मी बंद केला. बायकांना मशीनवर घेतलं. एकीला जमलं नाही. कुंभारी गावची, तुमच्या गिरणीतल्या जोडीदाराची बायको. तिची नजर अधू झालेली, मशीनची धावती सुई दिसायची नाही. मी तिच्यासाठी दुसरं काही शोधलं नाही. शोधलं असतं तर सापडलं असतं.

तिच्या कामाच्या शेवटच्या दिवशी ती माझ्या केबिनच्या दारात उभी राहिली. "बस की मावशी," मी म्हणाले. ती बसली नाही.

"तुमच्या आप्पानं आसं केलं नसतं," एवढंच बोलून गेली.

खरं आहे, आप्पा. तुम्ही कुणा एकीला घालवलं नसतं. तुम्ही गप्प राहिला असता, आणि सगळे एकदमच गेले असते.

तिनं ते मला लागावं म्हणूनच म्हटलं होतं. ती जिना उतरेपर्यंत मला मात्र ती शाबासकी वाटत होती.