डोळ्यांवरचा डबा उतरणार नाही

तीर्थस्वरूप दादास,

सुगंधाचा बोरीवलीहून वाकून नमस्कार. (वाकले खरी, पण ऐकणार नाहीये, हे आधीच सांगते.) तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनीची शुगर? आम्ही इकडे ठणठणीत. पत्र अशासाठी, की फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "वय काय, करतेस काय, रविवारपासून तो डबा बंद!" हा तुझा निरोप मी दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा हसूच आलं. उत्तर एवढंच, की नाही बंद करणार. जा.

माझ्या सुनेने, दीप्तीने, तुला अर्धंच सांगितलंय. आता पूर्ण ऐक. सुबोधने, माझ्या लेकाने, हौसेने तो व्हीआर हेडसेट, म्हणजे तुझा 'डबा', आणला, महिनाभर मिरवला आणि माळ्यावर टाकला. वस्तू वाया गेलेली मला बघवत नाही (लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा मी कुणाला देत नाही), म्हणून चढवला डोळ्यांवर, आणि समोर दुसरंच जग उभं. आत काय सांगू दादा! जगभरातली रिकामटेकडी माणसं घरी बसून आपापली गावं बांधतात, डोंगर काय, महाल काय, समुद्राखालची स्टेशनं काय, आणि दार सताड उघडं ठेवतात. या, बघा, फुकट! आम्ही दहा-बारा जण दर रविवारी दुपारी जमून तिथे भटकतो. घाटकोपरची चेतना आहे, पोलंडचा एक पोरगा आहे, तो कोल्ह्याच्या रूपात येतो (स्वभावाने अगदी गरीब). पुढारी मी. कुणी मागे राहिलं, कुणी भिंतीत अडकलं, कुणाच्या घरी दाराची बेल वाजली, सगळं मीच बघते.

तर एकदा कुणा बहाद्दराने झकास बंगला बांधलेला. खांबांना नक्षी, छताला झुंबरं, आणि व्हरांड्याला जमीन घालायलाच विसरला! आम्ही ओळीने आत शिरलो आणि ओळीने खाली गेलो. पडतोय तर पडतोयच. चेतना पडता पडता विचारतेय, "ताई, उतरायचं कुठे?" मी घाबरून हाताला लागेल ते धरलं, तो आमच्या टेबलावरचा कपडा निघाला, वर फुलदाणीसकट. (तिची वाट लागली. दीप्तीच्या माहेरची होती, हेही तिने सांगितलं असेलच.) तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दुसऱ्याच्या जागेत शिरायचं आणि जागेवाल्याला विचारायचं नाही, असं आपल्या गावी कुणी करतं का? तेव्हापासून मी प्रत्येक दारात तिथल्या देवाला गाऱ्हाणं घालते. मंडळींना 'व्हय म्हाराजा' हा जबाब शिकवलाय. कोल्हा सगळ्यांत मोठ्याने ओरडतो.

गेल्या रविवारी एका जंगलाच्या तोंडाशी उभं राहून मी हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या जाग्यात इली असत, कोणाचा काय चुकला-माकला तर पदरात घे, आणि पायाखालची जमीन पायाखालीच रवांदे रे म्हाराजा!" आता माझ्या पुढ्यातच, हॉलमध्ये, दीप्तीची ऑफिसची मिटिंग चालू आहे हे मला डब्यातून दिसणार कसं? (रविवारी मिटिंग! पवईच्या ऑफिसांना वारच कळत नाहीत.) गाऊन घातलेली सासू सगळ्या स्क्रीनभर दिसली म्हणे. तेही खपलं असतं. पण तिचा साहेब निघाला कुडाळचा, आपल्याच मुलखातला. गंभीरपणे आकडे सांगत होता बिचारा, आणि माझं "रे म्हाराजा" कानावर पडताच त्याच्या तोंडून खणखणीत निघालं, "व्हय म्हाराजा!" रक्तातच असतं ते, तो तरी काय करणार? दीप्ती रडकुंडीला आली आणि तिने तुला फोन लावला. यात माझा गुन्हा कोणता, ते सांग.

सत्संगाला जा म्हणतोस. गेले होते. तिथे देवाचं कमी आणि ॲसिडिटीचं जास्त चालतं. दादा, मला त्या डब्यात फार बरं वाटतं रे. आयुष्यभर मी कुणाच्या तरी मागून चालले, आधी तुझ्या, मग ह्यांच्या. आता कोल्हा माझ्या मागून चालतो. हे मी सोडणार नाही, तू मोठा असलास तरी नाही, आणि अबोला धरलास तरी नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी (हट्टीच)
सुगंधा

ता. क. परवा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, महिनाभर डोळ्यांवर काही चढवायचं नाही. म्हणजे रविवारपासून माझं बंदच. मोतीबिंदूमुळे हं, तुझ्यामुळे नाही. उगाच वहिनीपुढे मिशीला पीळ देऊ नकोस.

ता. क. २ पुढारी नसला की मंडळी पांगतात, एवढाच घोर लागलाय जिवाला. म्हणून शनिवारी सुबोध डबा घेऊन तुझ्याकडे सांताक्रूझला येतोय. 'धोंडूदादा' नावाने तुझं खातं उघडलंय. खुर्चीत बसून फिरायचं, गुडघे लागत नाहीत. बिल्डिंगची लिफ्ट बंद पडल्यापासून तू खाली उतरलेला नाहीस आणि दिवसभर खिडकीतून विमानं बघत बसतोस, हे वहिनीने मला सांगितलंय. तिला रागावू नकोस.

ता. क. ३ नाही म्हणायचं असेल तर मला सांगू नकोस. रविवारी सगळे दारात तुझी वाट बघत उभे असतील. कोल्ह्याला सांग.