दोराची उलटी गुंडाळी

दादा,

मी पहिल्या बसने घळीकडे पुढे जातेय. कॅन्यनिंगच्या, म्हणजे दोराने धबधबे उतरायच्या मेळाव्याची मंडळी दुपारपर्यंत पोचतील. तंबू आणि मोठं पातेलं तू गाडीतून आण. आईला मी सांगितलंय, दादा या वेळी पाण्यात पाय घालणार नाही, नुसतं चहापाण्याचं बघणार. हे तुझेच शब्द.

आता एक सांग. "दोर पिशवीतून काढलासुद्धा नाही," असं काल जेवताना म्हणालास. मग तो ओला कसा? आणि गुंडाळी उलट्या बाजूने घातलेली. घरात डावखुरा तू एकटाच! चहाचा कप उजव्या हाताने उचललास, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. चोरून सराव करताना खांदा पुन्हा दुखावलाय ना?

सगळ्यांआधी एकाने उतरून वाट तपासायची, हा आपला नियम. तो मान तू परस्पर स्वतःकडे घेऊन बसलायस, असा मला दाट संशय आहे.

गेल्या वर्षी धबधब्यात तुझा खांदा निखळला, तेव्हा खाली दोर धरून मी उभी होते. तू पाय घसरल्याचं घरी सांगितलंस, मीही मान डोलावली. पण ती किंकाळी आईने ऐकलेली नाही, मी ऐकलीय.

दोर अडकवायचा कमरपट्टा, तो हार्नेस शोधत घर डोक्यावर घेऊ नकोस. तो मी अंगात घालूनच निघालेय. बसमधले लोक बघतील, बघू देत.

पहिली मी उतरणार. तू पायवाटेने खाली जाऊन दोर धर. उभं राहून नुसतं वर बघणं काय असतं, ते एकदा तुलाही कळू दे.