मळ्यातलं प्रॅक्टिकल

३ जानेवारी २००५
आजपासून लिहायचं. संपत सर म्हणले, एजंटाकडं डायरी पायजे. सरांचा आळेफाट्याला क्लास हाय, जमीन इकायचं लायसन देत्यात.
मामंजींनी मळा इकायला काढलाय. इकून थोरल्याकडं मुंबईला जाणार. घर मळ्यातच, मग मी न माझी लेक तेजू कुठं? आमचे ह्ये चाकणला कंपनीत. आठवड्यानं येत्यात आन म्हणत्यात, बघू.
पण लायसन आलं की माझ्याबिगर आमच्या पिंपरी पेंढारात एक वाफा इकता यायचा न्हाई. मग मामंजींनी यावं हात जोडत.

७ जानेवारी
कानातलं मोडून फी भरली. मामंजींना सांगितलं, हरवलं.
क्लासात मी एकटीच बाई. बाकीची बाप्ये दात काढत्यात. काढा. माझा बाप बहिरू बेल्ह्याच्या बाजारात बैलांचा दलाल. मारका बैल गरीब म्हणून इकायचा. तुमच्या बापानं शेरडू तरी इकलंय का?

११ जानेवारी
मळा बघायला गिऱ्हाईक आलं. मामंजी चप्पल हुडकत व्हते तवर सांगून टाकलं, हीर मार्चात आटती, उसात बिबट्या हाय. गाडी वळवली पण न्हाई, तशीच मागं नेली रस्त्यापतोर.
मामंजी म्हणले, काय सांगितलंस गं भवाने? म्हणलं, पाणी देऊ का इचारलं.
हीर आटत न्हाई. बिबट्या मात्र हाय. दिवस मावळला की दाराची कडी दोनदा बघती. ह्ये डायरीत लिहिणार न्हवते मी.

१६ जानेवारी
परीक्षा लेखी न्हाई, प्रॅक्टिकलच हाय. गिऱ्हाइकाला जमीन दाखवायची. सर म्हणले, घरचीच असली तर लई बरं, आन माझ्याकडंच बघितलं. हुशार पोरीकडं मास्तर बघत्यातच.
म्हणलं, गिऱ्हाईक खोटंच ना? सर म्हणले, अगदी खरं वाटंल असं आणतो.

२० जानेवारी
परीक्षा झाली. मामंजी ओझरच्या गणपतीला गेलेले, बरं झालं.
सरांनी पुण्याचे दोघं आणले. चकचकीत बूट, गळ्यात साखळी. सरांनी काय सोंगं हुडकलीत! मी काय बी सोडलं न्हाई. हिरीचा तळातला झरा दाखवला, मामंजींना पण ठाव न्हाई त्यो. रस्ता दाखवला. म्हणलं, ह्ये घर पाडलं की उगवतीला तोंड करून झकास बंगला बसंल. बिबट्याचं इचारलं तर म्हणलं, कुत्रं असंल.
मग सर न त्यो जाडा बाजूला गेले. हातावर टावेल टाकला आन खाली बोटं दाबाय लागले. माझा बाप बैलाचा भाव असाच ठरवायचा, दुसऱ्याला कळू नये म्हणून. मी लगेच वळखलं. माझे मार्क ठरत व्हते. बाईमाणसासमोर मोठ्यांदा कसं बोलणार? जाडा लई येळ दाबत व्हता. म्हणजे मार्क बी लई.

२६ जानेवारी
पयला नंबर! लायसन मिळालं. फोटो, शिक्का, लॅमिनेशन.
क्लासातला जानकू म्हणला, वहिनी, जमिनीला कसलं आलंय लायसन? माझा चुलता बिगरलायसनचाच इकतोय की. जळतोय मेला.

९ फेब्रुवारी
मामंजी पेढं घेऊन आले. मळा गेला. खरेदीखत झालं. मधी संपत सर.
मी लायसन घेऊन भाईर पळाले. जीपमधी त्योच जाडा. म्हणलं, माझ्याबिगर यवहार झालाच कसा?
म्हणला, ताई, तुमच्याबिगर कसा व्हईल? तुमीच तर दाखवला. झऱ्यासाठी तर घेतला. आन तुमी म्हणला तसाच बंगला, उगवतीला तोंड. महिनाभरात घर मोकळं करा.
मामंजींनी तेजूच्या तोंडात पेढा घातला. मला गुणाची सून म्हणले. पयल्यांदाच.
ह्ये म्हणले, बघू.

१२ फेब्रुवारी
तेजूला दाढा येत्यात, लायसन चावत बसती. लॅमिनेशन पक्कं हाय.
दळण घेऊन गेले तवा गिरणीवाल्याला इचारलं, भाऊ, भाड्यानं खोली मिळंल का कुठं, दाराला कडी बरी पायजे.
म्हणला, मला काय इचारती? एखाद्या एजंटाला इचार.