समाईक पॅकेजची मालकीण

प्रिय ठमाबाई,

एकाच घरात राहून पत्र लिहायची वेळ आणलीस बरं का! आठवडाभर जेवताना तोंडाला कुलूप. भाजी वाढू का विचारलं तर नुसती मान हलवतेस. ऑफिसात मी तुझं काम दोनदा परत पाठवलं आणि तिसऱ्यांदा नुसतं ‘ठीक’ लिहून मंजूर केलं, त्याचा हा रुसवा. मला कळत नाही असं वाटलं का तुला?

तू रुजू झालीस तेव्हा मी सांगितलं होतं, आपल्या बस कंपनीचा कोडबेस, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅम्सचा एकत्र साठा, हे एकत्र कुटुंब आहे. प्रवाशांची वेबसाइट, तिकीटखिडकीची स्क्रीन, डेपोची स्क्रीन, प्रत्येकाच्या प्रोग्रॅमचं वेगळं पॅकेज, आणि ज्याचं पॅकेज त्याची खोली. सगळेच वापरतात ते तारीख-वेळेचं पॅकेज मात्र समाईक स्वयंपाकघर, आणि तिथला चमचा हलवायचा तरी माझी मंजुरी लागते. तू मान डोलावलीस आणि पहिल्याच झटक्यात स्वयंपाकघराची भिंत पाडायला निघालीस! आता बाई, भिंत पाडायलाच हवी होती. रात्रीची बस दुसऱ्या दिवशी पोचते, हे आपल्या पॅकेजला उमगतच नव्हतं. ते दुरुस्त करायचं सोडून खिडकीवाल्यांनी त्याची नक्कल स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली आणि तिथेच ठिगळ लावलं. मग एकच बस खिडकीवर बुधवारी पोचायची आणि वेबसाइटवर मंगळवारी. कुणाचा तरी बिचारा जावई सासूबाईंना घ्यायला एक दिवस आधीच स्टँडवर जाऊन बसला!

तू पहिल्यांदा फक्त समाईक पॅकेज बदललंस, चाचणीत डेपोची स्क्रीन बंद पडली, मी परत पाठवलं. दुसऱ्यांदा सगळ्यांच्या खोल्या आवरून दिल्यास, पण कुणाला न विचारता. पुन्हा परत. त्याची माफीबिफी मागत नाहीये हं. पोटच्या पोरीला सूट दिली असती तर ऑफिसात तुझं नाव ‘आईची लाडकी’ पडलं असतं, आणि ते पुसता पुसता तुझी उमेद गेली असती.

तिसऱ्यांदा मात्र तू खिडकीवाल्यांच्या नन्नाबुवांशेजारी खुर्ची ओढून बसलीस. तो माणूस चहालाही आधी नाही म्हणतो. त्याने स्वतःच्या हाताने ती नक्कल पुसली आणि समाईक पॅकेजासकट तिन्ही खोल्या एकाच बदलात सरळ झाल्या. मी माझ्या टेबलावरून सगळं पाहत होते. ऊर नुसता भरून आला होता. ‘ठीक’ सोडून काही लिहिलं असतं तर सगळ्या ऑफिसासमोर रडले असते गं.

आता खरं कारण. शुक्रवारी मी निवृत्त होतेय. समाईक पॅकेज कुणाकडे द्यायचं, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी तुझं नाव घेतलं नाही. काल नन्नाबुवांनीच मालक म्हणून तुझं नाव घालून बदल पाठवला. डेपो आणि वेबसाइटवाल्यांनी लगेच होकार दिला, राहिली फक्त माझी मंजुरी. आणि खोड जाते का, तोही मी परत पाठवला! त्यांनी मानापोटी वर माझं नाव ठेवून खाली तुझं लिहिलं होतं. माझं काढायला लावलं. आता तिथे तुझं एकटीचं नाव आहे. सकाळी मंजूर करेन, आणि सवयीप्रमाणे ‘ठीक’ एवढंच लिहीन. त्याचा अर्थ तुला ठाऊक असावा, म्हणून हे पत्र.

तुझीच,
शनिवारपासून फक्त आई